म्हातारी बॅटरी, धडधाकट फोन

नाशिकच्या एम.जी. रोडवर, प्रधान पार्कातल्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. बॅटरी उतरते, फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा जोड) फुटला, चार्जिंगची पिन सैल झाली. प्रोसेसर गेला म्हणून येणारा विरळाच. म्हणजे फोनमधला सर्वांत गुंतागुंतीचा भाग ठणठणीत असतो आणि झिजणाऱ्या दोन-तीन भागांपायी माणूस पंधरा-वीस हजारांचा नवा फोन घेऊन घरी जातो. मॉड्युलर, म्हणजे भाग सुटे करून बदलता येणाऱ्या फोनचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

बॅटरीचे झिजणे टळत नाही. लिथियम-आयन बॅटरीत ग्रॅफाइटवर एक सूक्ष्म थर हळूहळू वाढत जातो आणि कामाचे लिथियम त्यात कायमचे अडकते. उष्णतेत हे आणखी वेगाने होते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना दुचाकीच्या हँडलवर उन्हात लावलेला, नकाशा चालू असलेला आणि वर चार्जिंगलाही जोडलेला फोन आपले आयुष्य भराभर संपवत असतो.

ती बॅटरी बदलताना कधी नीट पाहा. कारागीर मागची काच हीट गनने तापवतो, कडेने पातळ पत्ती सरकवतो, स्क्रू काढतो, पट्टीचा कनेक्टर उचलतो. मग बॅटरीखाली आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) थेंब सोडून गोंद सैल होण्याची वाट पाहतो. इथे घाई चालत नाही. बॅटरी वाकली किंवा पत्तीचे टोक आत घुसले तर आतले थर एकमेकांना भिडून ती पेट घेऊ शकते. नवी बसली की काच पुन्हा बी-७००० गोंदाने चिकटवायची. पंधरा वर्षांपूर्वी हे सगळे काम नखाने झाकण उघडून होत असे.

तरीही गोंदाला सरसकट खलनायक ठरवणे बरोबर नाही. आयपी६८ दर्जाचा (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा हा एक दर्जा) फोन मीटरभराहून खोल पाण्यात तग धरतो तो बहुतेक वेळा या चिकट सीलमुळे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी करणाऱ्याच्या खिशातल्या फोनला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

सगळेच भाग सुटे करण्याचा प्रयोगही झाला. २०१३ साली मोटोरोलाने ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. पुढे तो गूगलकडे राहिला. धातूच्या सांगाड्यावर कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर असे हवे ते ठोकळे बसवायचे, अशी कल्पना. सुरुवातीच्या आराखड्यात ठोकळे धरून ठेवायला खास चुंबक होते. विजेचा एक झटका दिला की ते चिकटत वा सुटत, आणि धरून ठेवायला वेगळी वीज लागत नसे. २०१६ पर्यंत प्रोसेसर, स्क्रीन आणि बॅटरी सांगाड्यातच पक्के करावे लागले आणि त्याच सप्टेंबरात प्रकल्प गुंडाळला गेला. एलजीचा जी५ त्याच वर्षी आला. त्याचा खालचा भाग ओढून बॅटरी काढता येई. पुढच्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये ती सोय उरली नाही.

हे फसण्यामागे भौतिकशास्त्र आहे. बऱ्याच फोनमध्ये रॅम थेट प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेली असते, कारण सेकंदाला अब्जावधी वेळा बदलणाऱ्या संकेताला प्रत्येक सांधा अडतो. तिथे तो थोडा परततो, थोडा विरतो. शिवाय प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचे कवच आणि स्वतःच्या पिना लागतात. जाडी आणि वजन वाढते, बॅटरीची जागा कमी होते, पिनांवर धूळ व गंज बसतो.

म्हणून मला ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनचा मार्ग पटतो. त्यांनी प्रोसेसर-रॅमला हात लावला नाही; बॅटरी, स्क्रीन, कॅमेरा आणि चार्जिंग पोर्ट तेवढे सुटे ठेवले. २०२३ च्या फेअरफोन ५ ची बॅटरी हाताने निघते, बाकीच्या भागांना साधा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. २०२० मध्ये तर फेअरफोन ३ च्या जुन्या गिऱ्हाइकांना नवा, जास्त चांगला कॅमेरा विकत घेऊन आपल्याच फोनमध्ये बसवता आला. किंमतही मोजावी लागते: फोन जाड, त्याच पैशांत इतरांकडे वेगवान चिप मिळते, आणि संरक्षण आयपी५५ पुरतेच, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापर्यंत, बुडाला तर भरवसा नाही.

सुटे भाग असूनही फोन मरतो तो सॉफ्टवेअरमुळे. फेअरफोन २ च्या चिपला ती बनवणाऱ्या क्वालकॉमने अँड्रॉइड ७ साठी आधार दिला नाही. छोट्या फेअरफोन कंपनीने स्वतः खपून तो फोन २०२३ पर्यंत अपडेट ठेवला. काही कंपन्या तर अस्सल भागही त्याचा क्रमांक फोनशी जुळल्याशिवाय स्वीकारत नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये या कुलूपबंदीविरुद्ध कायदा केला.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवणे बंधनकारक आहे. ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, पण पोर्टलवर माहिती मिळणे आणि कारागिराच्या हाती अस्सल भाग पडणे यात फार अंतर आहे. ते मिटवायला कायद्यात तीन गोष्टी हव्यात: भाग किती वर्षे मिळतील याची हमी, त्यांची जाहीर किंमत, आणि बाहेरच्या कारागिराने बसवलेला भाग सॉफ्टवेअरने नाकारण्यावर बंदी.