कंपवातातील सेरोटोनिन : मागे पडलेल्या एका शोधाची पार्श्वभूमी

कंपवात (पार्किन्सन) म्हटले की डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाची कमतरता, एवढेच उत्तर सहसा मिळते. परंतु या आजारात सेरोटोनिन हे मेंदूतील दुसरे संदेशवाहक रसायनही घटते, हे डोपामिनची कमतरता उघड झाल्यानंतर वर्षभरातच छापून आले होते.

या इतिहासाचा एक धागा मुंबईत सापडतो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाविषयी ब्रिटिश नियतकालिकात लिहिले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे या वनस्पतीकडे लक्ष गेले. तिच्यापासून मिळणाऱ्या रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा संपतो, असे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसून आले. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे उमटत असल्याने संशय साहजिकच सेरोटोनिनवर गेला. तो फिरवला स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी. १९५७ मध्ये त्यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना आधी सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य (ज्यापासून शरीर ते बनवते) दिले, त्याने काही साधले नाही. डोपा, म्हणजे डोपामिनचे पूर्वद्रव्य, दिल्यावर मात्र ते पुन्हा हालचाल करू लागले.

१९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविच या संशोधकांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन घटलेले दाखवले, आणि १९६१ मध्ये हॉर्निकिविच यांनीच सहकाऱ्यांसह सेरोटोनिनही कमी असल्याचे नोंदवले. पुढे लेवोडोपाने, म्हणजे डोपाच्या औषधी रूपाने, अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, तेव्हा या दुसऱ्या नोंदीकडे दुर्लक्ष झाले, यात नवल नाही. नुकसान मात्र झाले, कारण रुग्णाला छळणारे नैराश्य, थकवा आणि झोपेच्या तक्रारी डोपामिनच्या चौकटीत पुरत्या बसत नव्हत्या.

२००३ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी मांडले की, सबस्टॅन्शिया नायग्रा या डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या भागाच्या आधीच मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रकांत, म्हणजे सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींच्या वस्तीत, बिघाड सुरू होतो. २००७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी आणखी एक बाजू उजेडात आणली. डोपामिनच्या पेशी मेल्यावर सेरोटोनिनच्या पेशी लेवोडोपाचे डोपामिन करतात, पण ते किती सोडावे याचे नियंत्रण त्यांच्याकडे नसते, आणि त्यातूनच लेवोडोपानंतरच्या अनावर हालचाली उद्भवतात.

२०१९ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या कंपवाताशी निगडित प्रथिनाच्या जनुकात दुर्मीळ दोष असलेल्या, पण कंपवाताची लक्षणे न दिसणाऱ्या ७ व्यक्तींचे स्कॅन प्रसिद्ध झाले: त्यांच्यात डोपामिनची यंत्रणा शाबूत होती, सेरोटोनिनची मात्र ढासळू लागली होती.