पूरपट्ट्यातल्या घराचा विमा: अर्ज, कागदपत्रं आणि दावा नेमका अडतो कुठे

पाणी ओसरल्यावर घराच्या विम्याची चौकशी केली की बरेच जण सांगतात, "आहे की, बँकेनं कर्ज देताना काढलाय." कागद मागवून बघितला तर तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटावं, एवढ्यासाठीच तो असतो. भिंत पडली तर त्यातून दमडी मिळत नाही. पीक विम्याचंही तसंच, तो शेतातल्या पिकाचा. घराशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे आधी घरातली पॉलिसी काढा आणि विमा नेमका कशाचा आहे ते वाचा.

घरासाठी मागायची पॉलिसी म्हणजे 'भारत गृह रक्षा'. विमा नियामकानं ठरवलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू आहे. मूळ अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच, प्रीमियम मात्र वेगवेगळा, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. आग, भूकंप, वादळ, दरड यांच्याबरोबर पूर आणि घरात पाणी शिरणं हेही तिच्यात येतं. एका वेळी १० वर्षांपर्यंत काढता येते. जमत असेल तर जास्त वर्षांची घ्या. दरवर्षी नूतनीकरण करणाऱ्यांची पॉलिसी मे महिन्यात संपते आणि लग्नसराई, पेरणीच्या गडबडीत राहून जाते, असं फार होतं.

"आमच्याकडं पाणी येत नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, ५६ फूट ३ इंचांवर. पाटबंधारे खात्याच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक याचा अर्थ 'एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही' असा घेतात. तसं नसतं. लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक असते आणि ती दरवर्षी नव्यानं मोजायची. तीस वर्षं त्या घरात राहणार असाल तर हाच हिशेब शंभरात सव्वीसपर्यंत जातो. शिरोळ तालुक्यात तर कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींची फूग, म्हणजे तुंबून मागं पसरणारं पाणी, एकदम येते. बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा.

अर्ज सोपा आहे. ओळखपत्र, पॅन, पत्ता, घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, एवढंच. खरी अडचण घराच्या मालकीची.

गावठाणातलं घर अजून आजोबांच्या नावावर, भावाभावांत वाटणी तोंडी, घरपट्टी थोरला भरतो आणि पॉलिसी काढतो धाकटा. पॉलिसी देताना कोणी हटकत नाही. पैसे घ्यायला कोण हटकतो? दावा आला की मात्र 'या घराशी तुमचा संबंध काय' हे विचारतात. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. तरी त्यावर तुमचं नाव असेल तर निम्मं काम झालं. म्हणून मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन ग्रामपंचायतीत वारस नोंद आधी करून घ्या. तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा, त्याचं वजन जास्त. वाटणी कागदावर नसेल तर सगळ्या भावांच्या नावानं मिळून पॉलिसी काढायची सोय आहे का, ते कंपनीला विचारा. भाडेकरूला इमारतीचा विमा नाही, पण स्वतःच्या सामानाचा काढता येतो.

दुसरी अडचण विमा रकमेची. ती बाजारभावावर ठरत नाही, जागेची किंमत तिच्यात धरतच नाहीत. चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, गुणिले आज बांधायचा खर्च, एवढाच हिशेब. समजा ६५० चौरस फूट आणि खर्च चौरस फुटाला १,८०० रुपये, तर ११ लाख ७० हजार. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल १० लाखांपर्यंत. वरचा मजला नंतर चढवला आणि उताऱ्यावर त्याची नोंदच नाही, अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्याची नोंद आधी करा. मातीच्या भिंती असतील तर माती लिहा. एजंट 'पक्कं' लिहून टाकतो, दावा फेटाळला की भोगायचं तुम्ही.

रोख रक्कम, कागदपत्रं आणि गाड्या यांचं नुकसान यात नाही. दागिन्यांसाठी वेगळी जोड घ्यावी लागते. म्हशींचा विमा वेगळा, आणि गोठा धरला आहे की नाही हे लेखी विचारा. पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल तर दुकानाचीही वेगळी पॉलिसी लागते.

आता दावा. तलाठ्यानं पंचनामा केला म्हणजे विमा कंपनीला कळलं, असा फार मोठा गैरसमज आहे. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. ती मदत किती, तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, तेही किमान १५ टक्के पडझड असेल तरच. एवढ्यात भिंतीचा गिलावासुद्धा होत नाही. पंचनाम्याची प्रत जरूर घ्या, विम्यालाही ती जोडता येते, पण कंपनीला फोन आणि लेखी सूचना तुम्हीच द्यायची, आणि लगेच. दाव्याचा अर्ज नुकसान पहिल्यांदा लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. पंचनामा हातात आल्यापासून नव्हे, निवारा छावणीतून घरी परतून सावरल्यापासूनही नव्हे. तलाठ्याच्या सहीची वाट बघत बसू नका.

नुकसान मोजणारा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत चिखल धुवून, भिजलेल्या गाद्या आणि फ्रीज रस्त्यावर टाकून मोकळे होऊ नका. घाण वास सुटतो, पोरंबाळं आजारी पडतील ही भीती असते, हे खरं. निदान फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो काढा, कंपनीला कळवा, मग हलवा. जुन्या वस्तूंची बिलं कोणाकडेच नसतात. त्यावर उपाय म्हणजे मे महिन्यातच घरभर फिरून मोबाईलवर चित्रण करायचं आणि ते मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाला पाठवून ठेवायचं. फोन पाण्यात गेला तरी पुरावा राहतो.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, तोंडी 'बसत नाही' ऐकून परत येऊ नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करायचा. तिथून नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. कोल्हापूरसाठी कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.