हुकलेलं सोनं आणि वाट्यालाच न आलेलं सोनं

फोंड्यात चहाच्या टेबलावर पातळभाजी-पाव आला की फुटबॉल निघतो. पण पॅरिस ऑलिंपिकनंतर आमच्या कंपूत कुस्ती घुसली ती अजून बाहेर गेलेली नाही. प्रश्न एकच : ऑलिंपिक सुवर्ण न मिळालेला सर्वांत मोठा पैलवान कोण? निवृत्त मास्तर म्हणतात खाशाबा. मुलगा म्हणतो सुशील. त्याची बहीण विनेशच्या नावावर अडून बसते. आवाज चढतात, चहा निवतो, निकाल लागत नाही.

लागणार तरी कसा? एकाच ताटात दोन वेगळे पदार्थ कालवलेले असतात. सोनं हुकणं वेगळं आणि सोन्यासाठी लढायलाच न मिळणं वेगळं. १९५० च्या विश्वचषकाला पात्र ठरूनही भारतीय फुटबॉल संघ गेला नाही. ‘तेव्हा भारत हरला’ असं आमच्यातला कट्टर फुटबॉलवालाही म्हणत नाही. कुस्तीत मात्र हा फरक आपण विसरतो.

आधी हुकलेल्यांचं बघू. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्य. तिथे ते हरले जपानच्या शोहाची इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवकडून. सुवर्ण आणि रौप्य नेमकं याच दोघांनी नेलं, म्हणजे ऐऱ्यागैऱ्याकडून हार नव्हती. सुशील कुमारचं कांस्य २००८ चं, रौप्य २०१२ चं. अंतिम लढतीत जपानच्या योनेमित्सूने त्याला अडवलं. मधल्या काळात, २०१० ला, मॉस्कोत तो ६६ किलोत जगज्जेता झाला होता.

इथे मुलाने मोबाइलवर अमेरिकेच्या काइल डेकचं नाव काढलं. चार वेळा जगज्जेता, ऑलिंपिकमध्ये टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे कांस्य. चारचा आकडा ऐकून मास्तर गप्प झाले. पण त्या चारात एक खोच आहे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक प्रकाराला दहा वजनगट असतात, ऑलिंपिकमध्ये सहाच. डेकची पहिली दोन विजेतेपदं, २०१८ आणि २०१९ ची, ७९ किलोतली. हा गट ऑलिंपिकमध्ये नाहीच. ७४ किलोत तेव्हा त्याच्याच देशाचा जॉर्डन बरोज, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, ठाण मांडून होता. २०२१ च्या निवड चाचणीत डेकने बरोजला हरवलं खरं, पण टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत तो स्वतःच पडला. त्यामुळे कोणी नुसती जागतिक पदकं मोजू लागलं की मी आधी वजनगट विचारतो.

हुकलेल्यांत माझं मत अमेरिकेच्या अॅडेलीन ग्रेला. सहा जागतिक विजेतेपदं आणि टोकियोत रौप्य. ७६ किलोच्या अंतिम लढतीत जर्मनीच्या अलिन रोटर-फोकेनने तिला हरवलं. तिचं २०१२ चं एक विजेतेपद ऑलिंपिकमध्ये नसलेल्या ६७ किलोतलं, पण ते वगळलं तरी पाच उरतात. टेबलावर तिचं नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं, हे सांगायलाच हवं.

आता दुसरा पदार्थ. या यादीत हारजीत मोजून काही उपयोग नाही. दार का बंद होतं ते बघावं लागतं. गामा पैलवानाचं उदाहरण घ्या. १९१० ला लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिश्कोबरोबर त्याची कुस्ती बरोबरीत सुटली, आठवड्याने पुन्हा ठरली तेव्हा झ्बिश्को फिरकलाच नाही. पण गामा पैशासाठी लढणारा व्यावसायिक मल्ल, आणि ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं. शिवाय १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये फक्त ग्रीको-रोमन कुस्ती होती. तिच्यात कमरेखाली पकड चालत नाही, पायाला हात घालता येत नाही. आपल्या मातीतल्या मल्लाने तिथे जाऊन करायचं काय?

अमेरिकेच्या ली केम्पचं दार राजकारणाने लावलं. १९७८ आणि १९७९ ला जगज्जेता, १९८० ला अमेरिकेचा मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार, १९८२ ला पुन्हा जगज्जेता. या वादात त्याचं नाव बहुतेक वेळा पहिलं येतं. पण १९८४ ला दार उघडं होतं. तेव्हा देशातल्या चाचणीत डेव्ह शुल्ट्झने त्याला मागे टाकलं आणि लॉस एंजेलिसचं सोनं शुल्ट्झनेच नेलं. म्हणजे केम्पचा एक पाय या यादीत, दुसरा त्या.

दार कधीच न उघडलेली म्हणजे जपानची शोको योशिमुरा. १९८९ ते १९९५ या काळात ४४ किलोत पाच वेळा जगज्जेती. महिलांची जागतिक स्पर्धा १९८७ ला सुरू झाली, ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ ला. तिच्या बहराच्या वर्षांत हरायलाही ऑलिंपिक नव्हतं. दुसऱ्या यादीत मी तिला केम्पच्याही वर ठेवतो.

हे सगळं मांडून झाल्यावर बहिणीने विचारलं, ‘‘मग विनेश कुठल्या यादीत?’’

इथे माझी वाटणी अडखळते. ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटने ५० किलोत एकाच दिवसात तीन लढती जिंकल्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीविरुद्ध, जी तोवर आंतरराष्ट्रीय लढत हरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंतिम लढतीआधी, वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. ती मॅटवर हरली नाही, आणि दार बंद होतं असंही म्हणता येत नाही. वजनाचा नियम तिला ठाऊक होता. मास्तर म्हणाले, ‘‘नियम म्हणजे नियम.’’ बहीण म्हणाली, ‘‘मग निकाल वाचा, मास्तर.’’

तिने मोबाइल पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी वजनात न बसणाऱ्याला सगळ्यांत खाली टाकतात, त्यामुळे विनेश शेवटची. आणि तिच्याकडून हरलेली सुसाकी, कांस्यपदक.