प्लेट रिकामी, जंतू जिवंत

लॅबच्या रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ असं छापून आलं की आपला जीव भांड्यात पडतो. जंतू नाहीत, सुटलो. खरं तर त्या दोन शब्दांत एवढंच सांगितलेलं असतं, की नमुना ज्या माध्यमावर पसरला आणि ज्या तापमानाला ठेवला, तिथे ठरलेल्या वेळात काही उगवलं नाही. ‘उगवलं नाही’वरून ‘मेलं’वर उडी आपण मारतो. सूक्ष्मजीवशास्त्रानंही ती जवळजवळ शंभर वर्षं मारली.

सवयीचं मूळ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आहे. जंतू वेगवेगळे करून वाढवायचे तर पसरट, घट्ट पृष्ठभाग हवा. कॉखनं आधी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या वापरल्या, मग जिलेटिन. जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. 1881च्या सुमारास त्याचा सहकारी वॉल्टर हेसे याच्या बायकोनं, फॅनी हेसेनं, स्वयंपाकघरातला अगार सुचवला. आपल्याकडे पुडिंगसाठी आणतात ते चायना ग्रास म्हणजे हेच. 1887मध्ये पेट्रीनं झाकणाची काचेची बशी दिली आणि सामान पूर्ण झालं.

या पद्धतीत एक साधा हिशेब आहे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं वीस वेळा झालं की दहा लाखांच्या वर पेशी होतात, आणि तेव्हा कुठे डोळ्यांना ठिपका दिसायला लागतो. म्हणजे प्लेटवर मोजली जाते ती सलग वीसेक वेळा दुभंगण्याची तयारी. जी पेशी जिवंत आहे, श्वास घेते आहे, पण दुभंगत नाही, ती हिशेबात येतच नाही. समुद्राचं पाणी किंवा माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर जितके जंतू दिसतात, त्यांच्या एक टक्काही बहुधा प्लेटवर उगवत नाहीत. 1985मध्ये स्टॅली आणि कोनोप्का यांनी या तफावतीला नाव दिलं, पण ती लोकांना आधीपासून माहीत होती. त्यातले बरेचसे जंतू प्रयोगशाळेत कधीच न वाढलेले, त्यामुळे ‘त्यांना आपलं माध्यम मानवत नाही’ म्हणून विषय संपायचा. खरी पंचाईत झाली ती काल भराभर वाढणारा ओळखीचा जंतू आज हट्टाला पेटल्यासारखा वाढेनासा झाला तेव्हा.

तो जंतू पटकीचा, म्हणजे कॉलराचा होता.

पटकीची साथ यायची, गावं ओस पाडून जायची. मरीआईचा कोप म्हणून लोक गाडा गावाबाहेर काढायचे. मग दोन साथींच्या मधल्या काळात जंतू असतो कुठे? माणसाच्या आतड्यात, हे विसाव्या शतकातलं ठरलेलं उत्तर होतं. गंमत अशी, की खुद्द कॉखला 1884मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात हा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला होता. पण तळं रुग्णांमुळे दूषित झालं, असाच त्याचा अर्थ लावला गेला. 1977मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी चेसापीक उपसागरात हा जंतू असल्याचं जाहीर केलं. तिथे पटकीची साथ नव्हती.

मात्र तो बाराही महिने सापडत नसे. पाणी गार झालं की प्लेटा रिकाम्या. इथे जपानी संशोधक कोगुरे, सिमिडू आणि टागा यांची 1979मधली युक्ती कामी आली. पाण्याच्या नमुन्यात थोडा यीस्टचा अर्क घालायचा, आणि सोबत नॅलिडिक्सिक ॲसिड. अर्क हा खाऊ, तर औषध पेशीला डीएनएची नक्कल करू देत नाही. त्यामुळे जिवंत पेशी खाते, फुगते, लांबते, पण दुभंगू शकत नाही. काही तासांनी ॲक्रिडिन ऑरेंजनं रंगवून चमकत्या उजेडात पाहिलं, की मेलेल्या पेशी होत्या तेवढ्याच ठेंगण्या आणि जिवंत पेशी शेवईच्या तुकड्यांसारख्या लांबलेल्या दिसतात. बशीत काही उगवायची वाट पाहायलाच नको.

कोलवेल यांच्या प्रयोगशाळेत ह्वाय-शू शू यांनी ही मोजणी आणि प्लेटची मोजणी शेजारी-शेजारी ठेवली. खाऱ्या पाण्यात सोडलेल्या पटकीच्या आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूंची प्लेटवरची संख्या घसरत गेली, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी टिकून होत्या. 1982च्या त्या शोधनिबंधातून ‘जिवंत, पण वाढवता न येणारे’ ही कल्पना रूढ झाली. हे बीजाणू नव्हेत, हे ध्यानात ठेवावं. बीजाणूला जाड कवच असतं. इथे पेशी फक्त आक्रसते, वाटोळी होते आणि गप्प बसते.

जंतू पाण्यातच मुक्काम करतो, या माहितीचा बांगलादेशातल्या मतलब भागात व्यवहारात उपयोग झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतात, हे एव्हाना कळलं होतं. एकटा जंतू कापडातून सहज निसटतो, पण हे वाहन अडवता येतं. जुनी सुती साडी चार ते आठ पदरी घडी करून हंड्याच्या तोंडावर धरली, की वीस मायक्रॉनच्या पुढचं बहुतेक सगळं वर राहतं. साडी जुनीच बरी, कारण धुऊन-धुऊन सुटलेल्या तंतूंनी विणीतली भोकं बुजतात. 1999 ते 2002 या काळात 65 गावांत, सुमारे 1,33,000 लोकांत हा प्रयोग झाला आणि पटकी 48 टक्क्यांनी घटली. ‘वस्त्रगाळ’ शब्द रोजच्या वापरात असलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

संशोधकांच्या घरात मात्र भांडण पेटलेलं होतं. झोपलेले जंतू ‘जागे झाले’ म्हणता, पण हे कशावरून? ग्रेगरी बोगोसियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की लाखो निपचित पेशींत एखादी वाढू शकणारी पेशी उरली असेल आणि तिला खाऊ मिळाला, तर रात्रभरात तिचीच दहा लाख होतात. तुम्ही सकाळी येऊन पुनरुज्जीवन झालं म्हणता. अर्ध्या तासाला एक दुभाजन धरलं तर वीस दुभाजनांना दहा तास लागतात, म्हणजे आक्षेप पोकळ नव्हता. दुसरा पेच शब्दाचाच. ‘जिवंत’ची कसोटीच जर वाढणं असेल, तर ‘जिवंत पण न वाढणारा’ हे ‘मुका वक्ता’सारखं झालं, असं डग्लस केल आणि अर्सेनी काप्रेलियांट्स यांच्यासह काहींनी 1998मध्ये मांडलं. मला ही तक्रार रास्त वाटते. पण नाव चुकलं म्हणून समोरची पेशी नाहीशी होत नाही.

मजा म्हणजे त्याच वर्षी, त्याच दोघांचा सहभाग असलेल्या गटानं झोप मोडणारं प्रथिन शोधलं. मायक्रोकॉकस ल्यूटियस हा निरुपद्रवी जंतू ते स्वतःच पाण्यात सोडतो आणि त्याचा नाममात्र अंश निपचित पेशींना उठवायला पुरतो. पुढे कळलं, की ते पेशीची भिंत कुरतडतं. क्षयाच्या जंतूकडे अशा प्रथिनांची पाच जनुकं आहेत. 2010मध्ये गलिना मुकामोलोव्हा आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या थुंकीत असे जंतू मोठ्या संख्येनं दाखवले, जे नेहमीच्या प्लेटवर येत नाहीत आणि ही प्रथिनं मिळाली की वाढतात. न्यूमोनिया करणाऱ्या लीजनेला जंतूला तर उठायला अमीबाचं पोट लागतं.

भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये, अशी अट आहे. तो आढळतो की नाही, हे बहुतेक ठिकाणी अजूनही वाढवूनच पाहतात. ई. कोलाय हा 1982च्या त्या निबंधातला दुसरा जंतू.