नापास झालेल्या आजोबांची गोष्ट

परदेशात वाढणाऱ्या मुलाला घरातली एक गोष्ट पाठ असते. आई-बाबा दोन बॅगा घेऊन इथं आले, खूप कष्ट केले, म्हणून आज आपलं हे घर आहे. गोष्ट खरीच असते, पण मधली पानं गाळलेली असतात. बाबांचे उच्चार कुणाला कळायचे नाहीत म्हणून ते मीटिंगमध्ये गप्प बसायचे. आईला पहिलं वर्षभर एकही मैत्रीण नव्हती. हे आपण सांगत नाही. कशाला उगीच मुलांच्या डोक्याला ताप! मुलांच्या मनाच्या कणखरपणावर झालेलं संशोधन मात्र नेमक्या याच पानांकडे बोट दाखवतं.

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक हे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नी सेरा शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करायच्या. घरच्या माणसांबद्दल बरंच काही ठाऊक असलेली मुलं अडचणीत जास्त तग धरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून ड्यूक आणि त्यांच्या सहकारी रॉबिन फिवुश यांनी २० प्रश्न तयार केले. आई-बाबांची भेट कशी झाली, तुला माहीत आहे का? तुझं नाव हेच का ठेवलं? लहानपणी त्यांना कोणती दुखणी झाली, कुठं लागलं? घरात तू कुणावर गेला आहेस? हे मुलाने स्वतः पाहिलेलं असणं शक्य नाही, कुणीतरी सांगितलं तरच कळणार. सुमारे चार डझन कुटुंबांच्या जेवतानाच्या गप्पाही त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा स्वतःवर विश्वास जास्त होता, आयुष्य आपल्या हातात आहे असं त्यांना अधिक वाटत होतं आणि चिंता कमी होती. हे काम २००१ च्या उन्हाळ्यातलं. पुढे सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर त्यांनी ती मुलं पुन्हा तपासली, तेव्हाही घरच्या गोष्टी जास्त ठाऊक असलेलीच मुलं त्या धक्क्यात जास्त सावरलेली दिसली.

घरोघरच्या गोष्टींचे ड्यूक तीन प्रकार करतात. काहीच नव्हतं, आता सगळं आहे, ही चढती गोष्ट. सगळं होतं, गेलं, ही उतरती. आणि तिसरी वरखाली होणारी: आजोबा नापास झाले, पुन्हा बसले, नोकरी लागली, ती सुटली, काकांनी आधार दिला, पण आपण एकमेकांना धरून राहिलो. मुलाला सगळ्यात जास्त बळ या तिसरीतून मिळतं, असं त्यांचं म्हणणं. दोन बॅगांची गोष्ट पहिल्या प्रकारात बसते आणि माझ्या मते तिचा मुलांवर थोडा भारच पडतो. जिथं कुणीच कधी हरलेलं नाही, अशा घरात गणितात कमी मार्क मिळालेल्या मुलाने काय करायचं?

आता उत्साहाच्या भरात कुणी हे २० प्रश्न मुलांकडून घोकून घेईल, म्हणून सांगतो: त्याचा उपयोग नाही. ड्यूक स्वतःच म्हणतात की गुण त्या माहितीचा नाही. ज्या घरात सगळे एकत्र बसतात, आजी तीच गोष्ट दहाव्यांदा सांगते आणि कुणी तिला थांबवत नाही, तिथं उत्तरं आपोआप कळतात.

पण गप्पांनी मूल बदलतं, की मुळातच सुखी घरात गप्पा जास्त होतात? या शंकेला न्यूझीलंडमधून काही उत्तर मिळालं. इलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या ११५ आया घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना वर्षभर एक साधी गोष्ट शिकवली: घडून गेलेल्या प्रसंगाबद्दल मुलाशी कसं बोलायचं. ती मुलं १५ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर शिकलेल्या आयांच्या मुलांना आयुष्यातलं एखादं वळण का आलं हे जास्त सुसंगत सांगता येत होतं आणि त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती.

शिकवलं काय होतं? फरक कानाला लगेच कळतो.

"काल बागेत पडलास ना? कुठं लागलं? गुडघ्याला. बरोबर?"

आणि दुसरं: "काल बागेत काय झालं रे?" "पडलो." "हो, धाडकन पडलास! मग काय वाटलं?" "सगळे हसले." "हसले? मग तू काय केलंस?"

पहिली झाली तोंडी परीक्षा. दुसऱ्यात मूल बोलतं आणि आई त्याचंच वाक्य पुढे नेते.

परदेशात यात भाषेची गाठ पडते. मानसशास्त्रज्ञ कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की भाषकांच्या बोटांना विद्युत अग्रं (इलेक्ट्रोड) लावून, भावना जागी झाली की घामात होणारा सूक्ष्म बदल मोजला. लहानपणी ऐकलेल्या रागावण्याच्या वाक्यांनी तुर्कीत हा बदल जास्त झाला, इंग्रजीत कमी. पुढे त्यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतून आलेल्यांवर असाच प्रयोग केला. त्यात लहानपणीच इंग्रजी शिकलेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे आपलं मन एका भाषेत भरून येतं, तर मुलाचं दोन्हींत. आजोबांनी आपल्या भाषेत सांगावं, नातवाने जमेल त्या भाषेत विचारावं, मधे कुणी व्याकरण सुधारू नये.

व्हिडिओ कॉलवर आजोबा नापास झाल्याचं सांगत असतात. आवाज तुटतो, चित्र गोठतं. ते परत दिसल्यावर नातू आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारतो, "मग तुम्ही घरी काय सांगितलं?"

"तीन दिवस काहीच नाही सांगितलं," आजोबा म्हणतात.