जबडा दुखतोय की तोंडावरून वारं गेलंय?

दोन्ही हातांची बोटं कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे ठेवा आणि सावकाश 'आ' करा. बोटांखाली काहीतरी घरंगळत पुढे सरकेल. तोच जबड्याचा सांधा.

खालच्या जबड्याच्या हाडाचं गोलसर टोक कानशिलाच्या हाडातल्या खोबणीत बसतं. दोघांच्या मध्ये कूर्चेची पातळ चकती असते. तोंड थोडं उघडेपर्यंत सांधा बिजागरीसारखा फिरतो. पुढे मात्र ते टोक चकतीसकट खोबणीतून पुढे उतरतं. चकती जागची सरकलेली असली की टोक तिच्याखाली परत शिरताना 'कट्' असा आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी आम्ही दातांचे डॉक्टर उपचार करत नाही. हा सांधा कानाला अगदी लागून असल्यामुळे त्याचं दुखणं कानातच आहे असं वाटतं. कानात थेंब घालून थकल्यावर आमच्याकडे येणारे पुष्कळ असतात.

आता दात आवळा. गालावर आणि कानशिलावर जे टणक फुगतं, ते चावायचे स्नायू. अशा चार जोड्या असतात, त्यांतल्या दोन आत दडलेल्या. झोपेत दात खाणाऱ्यांचं कानशील सकाळी ठणकतं ते यांच्यामुळेच. दिवसा एवढं लक्षात ठेवा: ओठ मिटलेले, पण दात सुटे. वरचे-खालचे दात फक्त घास चावताना आणि गिळताना टेकावेत.

हे चारही स्नायू मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेवर चालतात. हसणं, डोळा मिटणं, कपाळाला आठ्या घालणं हे काम सातव्या नसेचं. ती कानामागच्या हाडातून बाहेर पडते, गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीतून जाते आणि तिथे तिच्या पाच मुख्य शाखा होतात. त्यामुळे सांधा कितीही दुखला तरी हसू वाकडं होत नाही.

मागे एक आजोबा 'कवळी सैल झालीय, घास गालातच राहतो' म्हणून आले. कवळी चांगली घट्ट होती. चूळ भरायला सांगितली, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळलं, आणि डावा डोळा पूर्ण मिटेना. घास दातांखाली ढकलणारा गालाचा स्नायू सातव्या नसेवर चालतो. त्यांना आम्ही लगेच रुग्णालयात पाठवलं.

तोंड अचानक वाकडं झालं तर तेल चोळत घरी थांबू नका, आमच्याकडेही येऊ नका. कपाळावर आठ्या पडतात पण खालचा चेहरा ओघळलाय, हात लुळा पडलाय किंवा बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. 108 ला फोन करा. अर्धा चेहरा कपाळासकट ढिला पडला असेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सातव्या नसेच्या सुजेवरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. न मिटणारा डोळा कोरडा पडू देऊ नका.

आणखी एक. आपली तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी घालून पाहा. ती शिरत नसतील आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर सांध्यापेक्षा गालाच्या आतलं अस्तर कडक झालं असण्याची शक्यता जास्त. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. संकोच करू नका, लवकर या. इथे तुम्हाला कुणी रागावणार नाही.