मेट्रो-बसच्या कार्डाचं ‘फुल केवायसी’: अर्ज नेमका कुठे अडकतो

टॅप कार्ड हे परिवहनचं कार्ड आहे, हा पहिला गैरसमज. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे एनसीएमसी, हे रुपे कार्ड आहे. ते देते बँक किंवा वॉलेट कंपनी आणि नियम लागतात रिझर्व्ह बँकेचे. मुंबईच्या मेट्रो 2अ आणि 7 वर 2023 पासून मिळणारं ‘मुंबई 1’ कार्डही स्टेट बँकेचं आहे. त्यामुळे केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पत्ता पडताळणी, अडली की स्टेशनच्या खिडकीवर भांडून उपयोग नाही. तिथला माणूस पैसे भरून देईल, तुमचं नाव दुरुस्त करू शकणार नाही.

अर्जाआधी पाकिटातलं रुपे डेबिट कार्ड काढून पाहा. त्यावर एनसीएमसीचं चिन्ह असेल तर नव्या कार्डाची गरजच नाही, बँकेकडून प्रवासाचं वॉलेट चालू करून घ्या. नुसत्या चार वक्र रेघा (कार्ड टेकवून पैसे देण्याची खूण) असतील तर ते एनसीएमसी असेलच असं नाही. आणि ‘मुंबई वन’ अ‍ॅपची यात सरमिसळ करू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या त्या अ‍ॅपवर ठाण्याची टीएमटी बस, नवी मुंबईची एनएमएमटी बस, नवी मुंबई मेट्रो अशा 11 सेवांची क्यूआर तिकिटं निघतात. कार्डाच्या केवायसीशी त्याचा संबंध नाही. लोकलच्या पासचाही नाही.

आता मुदत. मोबाइलवर ओटीपी, नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर मिळतं ते मिनिमम केवायसी कार्ड, त्यात एका वेळी जास्तीत जास्त 10,000 रुपये राहतात. खिडकीवर रोख भरता येते असं कार्ड असेल तर 24 महिन्यांत फुल केवायसी करावीच लागते. हे 24 महिने कार्ड दिल्याच्या तारखेपासून मोजायचे. कार्डावर छापलेला महिना-वर्ष ही वेगळी गोष्ट, पण बहुतेक जण तोच पाहून निवांत बसतात. मुदत टळली की नवे पैसे भरता येत नाहीत. आधीचे मात्र वापरता येतात, त्यामुळे घाबरून कार्ड टाकून देऊ नका. फेब्रुवारी 2024 पासून केवायसीशिवायही प्रवासापुरतं कार्ड द्यायला परवानगी आहे. त्याची मर्यादा 3,000 रुपये आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

फुल केवायसीसाठी कागद लागतात दोन: पत्त्याचा अधिकृत पुरावा, आणि पॅन किंवा फॉर्म 60 (पॅन नसेल तर द्यायचं घोषणापत्र). पहिल्यात आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, नरेगा जॉबकार्ड बसतात. पॅन पहिल्यात बसत नाही. “पॅन दिलंय ना!” म्हणून रांगेत तावातावाने बोलणाऱ्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. रेशनकार्डही त्या यादीत नाही.

खरी गोची भाडेकरूंची. घणसोली, ऐरोली, घोडबंदर रोड इथे बरीच माणसं गावच्या पत्त्याचं आधार घेऊन राहतात. बँकेच्या खिडकीवरून ठरलेलं उत्तर येतं, “लाइट बिल आणा.” लाइट बिल मालकाच्या नावावर! तुमच्या नावाचं असलं तरी दोन महिन्यांहून जुनं चालत नाही. मालकाबरोबरचा लिव्ह अँड लायसन्स करार बँक थेट घेत नाही. नियमात फक्त सरकारी खाती, बँका, शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्या अशा नोकरी देणाऱ्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या घराचा करार बसतो. पण तोच करार नोंदणी केलेला असेल तर आधारवरचा पत्ता बदलायला चालतो. म्हणजे आधी आधार केंद्र, मग बँक. नोटरीच्या शिक्क्यावर विसंबू नका, महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

एक पळवाट आहे आणि ती कायदेशीर आहे. बँकेत आधारवर अंगठा देऊन केवायसी करत असाल तर सध्याचा पत्ता वेगळा असल्याचं स्वयंघोषणापत्र देता येतं. हे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांतच लिहिलं आहे. तरीही काही शाखांत ते ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून बिल मागितलं जातं. नम्रपणे, पण व्यवस्थापकाकडे विचारा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज तर हमखास परत येतात: आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली सूचना जोडली की जुन्या नावाचा कागदही ग्राह्य धरतात. लग्नपत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती नेऊ नका, ताई. खरंच नेतात.

फोटो, सही, फॉर्म हे नेहमीचंच.

केवायसी झाल्यावरची तक्रार वेगळीच: “पैसे भरले तरी गेट उघडत नाही.” कार्डात दोन कप्पे असतात. ऑनलाइन भरलेली रक्कम कार्डाच्या खात्यात जाते, गेट वाचतं ते चिपमधली, आणि चिपमध्ये 2,000 रुपयांपर्यंतच मावतात. खात्यातले पैसे चिपवर आणायला कार्ड स्टेशनच्या यंत्रावर किंवा खिडकीवर एकदा टेकवावं लागतं. कार्ड हरवलं तर खात्यातली रक्कम अडवता येते, चिपमधली गेली ती गेली. म्हणून आठवड्याच्या प्रवासापुरतंच चिपवर ठेवा.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. तोंडी “होणार नाही” घेऊन घरी येऊ नका. बँकेकडे तक्रार नोंदवून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तक्रार क्रमांक आणि बँकेचं पत्र तेवढं हाताशी ठेवा.